लाइन चार्ज करा

"किल्ली दे," बोंद्रे साहेब म्हणाले.

किल्ली माझ्या मुठीत होती. घामानं ओली झाली होती आणि तिचे दाते तळव्यात रुतत होते.

"नाही साहेब. परमिट मोतीरामच्या नावावर आहे. त्यानं परत दिलं की देते."

"अगं, जॅकवेलवरून फोन आला ना? तूच घेतलास ना? काय म्हणाला हमीद?"

"म्हणाले, लाइन क्लिअर आहे, चार्ज करा."

"मग आता काय लग्नपत्रिका पाठवायची तुला?"

धामणखेडच्या वीज उपकेंद्रात मी तेव्हा ऑपरेटर होते. बाईमाणूस ऑपरेटर म्हणून गावाला माझं भारी कौतुक, म्हणजे दिवे गेले की शिव्या थेट माझ्या नावानं. काम तसं सरळ होतं. लाइनमनला खांबावर चढायचं असलं की तो आधी मला फोन करून परमिट मागायचा. मी त्या लाइनची वीज तोडायची, यार्डातल्या स्विचला कुलूप घालायचं, किल्ली जवळ ठेवायची आणि मग सांगायचं, चढ. काम उरकून तो खाली उतरला की त्यानंच पुन्हा फोन करून परमिट परत द्यायचं. त्यानंच. त्याच्या भावानं नाही की त्याच्या साहेबानं नाही. परमिट परत आलं की मगच कुलूप काढून लाइनमध्ये वीज सोडायची. त्यालाच आम्ही 'लाइन चार्ज करणं' म्हणतो.

त्या दिवशी परमिट घेतलं होतं मोतीराम खंडारेनं. वादळात धरणाकडच्या वीजलाइनचे खांब आडवे झाले होते. ती लाइन म्हणजे गावाच्या पाण्याची जीवनदोरी, कारण धरणाच्या काठावर जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिच्यात पंप आणि पंपाला वीज तिथूनच. तीच गेली आणि गावाचे नळ कोरडे पडले. त्याच वादळात शेतातला पाण्याचा मोठा पाइपही एका जागी फुटला होता. खांबांवर आमची माणसं, पाइपावर नगरपालिकेची, अशी दोन्हीकडे एकदमच दुरुस्ती चालली होती.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखाली पाणी आहे, पण तोंडात घेतलं तर चूळ भरून थुंकावं असं. टँकर आले तेही तसल्याच बोअरचं पाणी घेऊन. भांडी घासायला, धुणी धुवायला चाललं असतं. पण सरकारी दवाखान्यात डायलिसिसची मशिनं होती, आणि त्यांना लागणारं पाणी गाळणारं यंत्र त्या खाऱ्या पाण्यानं पहिल्याच दिवशी बसलं.

त्या वॉर्डात माझे बाबा होते.

सकाळी ड्यूटीवर येण्याआधी मी त्यांना भेटून आले होते. चेहरा सुजलेला, श्वास वरवरचा. त्यांची डायलिसिसची एक पाळी चुकली होती, मग दुसरीही चुकली. अमरावतीला न्यायचं म्हटलं तर रस्त्यावर झाडं पडलेली. रस्ता मोकळा झाला तोवर अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. जिनिंगमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस, थट्टा केल्याशिवाय घास उतरत नसे.

"पाह्य ज्योती," मला म्हणाले, "मले डॉक्टर पानी मोजून देते. आता सारं गाव माह्यासारखं मोजून पिऊन राह्यलं."

मी हसले. आई हसली नाही. तिनं त्यांचे पाय मांडीवर घेतले होते आणि सुजेवर बोटं दाबून खळगा किती खोल पडतो ते बघत होती.

"आज लाइन होते का?" तिनं विचारलं.

"मोतीराम गेला हाय. आज होते म्हने."

"तू लवकर चालू करजो."

"हो आई," मी म्हणाले. किती सहज म्हणाले मी ते.

दुपार कलायला लागली तेव्हा हमीदचाचांचा फोन आला. हमीदचाचा म्हणजे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचे मुकादम. जॅकवेलचा कारभार त्यांच्याकडे. आवाज तुटत होता, मागे माणसांचा गलका.

"बेटी, लाइन क्लिअर हाय! चार्ज करा!"

मी आनंदानं खुर्चीवरून उठलेसुद्धा. मग विचारलं, "मोतीराम कुठे आहे चाचा? त्याला द्या फोन."

"मोतीराम? तो तिकडं असंन वावरात."

"खाली उतरला का तो?"

"अं? ऐकू नाही येऊन राह्यलं. तुमी चार्ज करा बेटी, लोकं पान्यासाठी जीव टाकून राह्यले!"

"चाचा, आधी माणूस पाठवा त्याच्याकडे. त्याला म्हणावं, स्वतः फोन कर."

"पाठवतो, पाठवतो. तवरक तुमी चार्ज त करा!" आणि फोन कटला. त्यानंतर किती वेळा लावला, लागला नाही. मोतीरामचा तर लागण्याचा प्रश्नच नव्हता. तो जिथे काम करत होता तिथून धरणाच्या भिंतीवर आल्याशिवाय रेंज मिळत नसे.

मी पुन्हा खुर्चीत बसले. लगेच डॉक्टर राठींचा फोन आला.

"तायडे मॅडम, धरणावर लाइट येतोय का? तुमच्या वडिलांच्या रक्तातलं पोटॅशियम फार वाढलंय. हृदयाचे ठोके चुकायला लागलेत. आता गाडीत घालून हलवायची माझी हिंमत नाही. पाणी आलं तर मी लगेच मशीन लावतो."

"औषधानं..."

"औषधं चालूच आहेत. त्यांच्यावर फार वेळ नाही निघणार."

लाइन चार्ज झाली की पंप लगेच सुरू होणार होता. दवाखाना पाइपाच्या तोंडाशीच, तिथे पाणी सगळ्यांच्या आधी पोचलं असतं. हे सगळं मला पाठ होतं. किल्ली माझ्या हातात होती. यार्डात जायचं, कुलूप काढायचं, दांडा फिरवायचा, आत येऊन बटण दाबायचं. एवढंच.

मी गेले नाही. का गेले नाही, ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. हमीदचाचा खोटं बोलणारा माणूस नव्हे. त्यांनी सांगितलं म्हणजे लाइन क्लिअर असणारच, असं माझं मन मला सांगत होतं. फक्त मोतीरामचा आवाज ऐकू आला नव्हता.

तेवढ्यात बोंद्रे साहेबांची जीप आली. ते आमचे अभियंता. एरवी तालुक्याच्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे, पण वादळापासून तेही झोपले नव्हते. दाढी वाढलेली, शर्टावर चहा सांडलेला. वीज गेली तर ती किती वेळात परत आली पाहिजे, याचा, वीज आणि पाणी दोन्हींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचा नियम होता आणि ती वेळ केव्हाच उलटून गेली होती. वरून कलेक्टर, खालून नगराध्यक्ष, मध्ये हा माणूस. हमीदचाचांनी त्यांनाही तेच सांगितलं होतं.

लग्नपत्रिकेचं बोलून झाल्यावर ते समोरच्या खुर्चीत बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तायडे, तुझे वडील आहेत ना दवाखान्यात?"

"हो."

"मग?"

"मग काय साहेब?"

"तुला काहीच वाटत नाही?"

उत्तर दिलं असतं तर मी रडले असते, आणि रडले असते तर किल्ली दिली असती.

"ट्रेनिंगमध्ये डोक्यात भरवलेलं हे सगळं," ते कपाळ चोळत म्हणाले. "परमिट, परमिट. प्रत्यक्षात असं चालतं का?"

ट्रेनिंगचं मात्र खरं होतं. आयोगानं आमच्या कंपनीला आणि गावाच्या पाणीपुरवठ्याला एका दमात बजावलं होतं, की तारा आणि पाइप बदलायला पैसे मिळतील, पण माणसंही शिकवा. तारा बदलल्या, पाइप बदलले आणि शिकवणंही झालं. आम्हाला जिल्ह्याला कंपनीच्या हॉलमध्ये, पाण्याच्या माणसांना इथे नगरपालिकेच्या सभागृहात. आम्हाला पोहे होते, त्यांना उपमा. कुणाचा नाश्ता चांगला होता यावर हमीदचाचांशी माझा मोठा वाद झाला होता. आत काय शिकवलं, ते ना त्यांनी मला विचारलं, ना मी त्यांना.

फाटक वाजलं. आई आत येत होती. पायात चपला नव्हत्या. दवाखान्यापासून उपकेंद्रापर्यंत तापल्या डांबरावरून ती तशीच आली होती.

"ज्योती, किल्ली तुह्यापाशी हाय म्हने."

"कोनं सांगितलं?"

"साऱ्या गावाले मालूम हाय. दे यायले."

"आई, खांबावर मानूस असंन."

"असंन? म्हंजे हाय का नाही, ते तुले मालूम नाही?"

"नाही."

"आन तुहा बाप कुठी हाय, ते त मालूम हाय ना तुले?"

बोंद्रे साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. आई माझ्याजवळ आली. मला वाटलं आता थोबाडीत मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

"आई!" मी ओरडले आणि मागे सरले.

"माह्याकडं दुसरं काही नाही व, ज्योती. तू म्हनशीन थे करतो. पन चालू कर."

मी तिला उठवायला गेले तर तिनं माझा हात झटकला. मुठीतली किल्ली तिला दिसली. तिनं माझी बोटं सोडवायचा प्रयत्न केला, एकेक करून, लहानपणी मातीचा गोळा काढून घ्यायची तशी. माझी बोटं उघडली नाहीत. माझ्या अंगात इतकी ताकद कुठून आली होती कोण जाणे, आणि आईविरुद्ध ती वापरताना मला स्वतःची किळस येत होती.

ती थांबली. पदर सारखा केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आली तशी अनवाणी परत गेली.

"पुरे झालं आता," बोंद्रे साहेब उठले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी तुला हात लावणार नाही. पण कुलूप फोडायला मला तुझी परवानगी लागत नाही."

जीपमधून हातोडा घेऊन ते यार्डात गेले. मी धावत त्यांच्यापुढे झाले आणि स्विचच्या दांड्यासमोर, कुलपाला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो, तायडे."

"मारा मला."

"वेडी आहेस का तू? तुझा बाप मरतोय! माझ्यावर लोक चालून येतायत! कुणासाठी करतेस हे? मोतीराम कोण लागतो तुझा?"

खरंच कोण लागत होता? मी त्याला धड ओळखतही नव्हते. फोनवरचा एक घोगरा आवाज, 'ताई, परमिट द्या जी' म्हणणारा. दिवाळीच्या पूजेला दोनदा पाहिलेला. मी बाबांचा जीव त्याच्या जिवाच्या बदल्यात ठेवला होता आणि तो कदाचित झाडाखाली बसून बिडी ओढत असेल. ही शक्यता मला सगळ्यात जास्त जाळत होती. तो खाली असेल, केव्हाच उतरला असेल, आणि मी मूर्खासारखी इथे उभी असेन.

आत फोन वाजायला लागला.

आम्ही दोघंही हललो नाही. मी गेले असते तर त्यांनी कुलूप फोडलं असतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. फोन वाजत राहिला. शेवटी तेच चिडून आत गेले. मी उघड्या दारातून बघत होते. त्यांनी रिसिव्हर उचलला, "काय आहे?" म्हणून खेकसले. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. हातोडा त्यांच्या हातातच होता.

"तायडे," ते म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच. "ये. मोतीराम आहे."

मी रिसिव्हर कानाला लावला.

"ताई, मोतीराम खंडारे बोलतो. परमिट परत घ्या जी. मी आन माही मानसं खाली उतरलो. लाइन मोकळी हाय."

"आत्ता उतरलास?"

"हो ना ताई. हमीदचाच्याचा मानूस सायकलीवर आला तवा मी वरतंच होतो, तार हातात होती माह्या. थो खालून वरडून म्हने, चार्ज कराले सांगतलं हाय. म्या म्हनलं, अबे कोनं सांगतलं? मी अजून वर हाय ना बे!" तो हसला. मग त्याचं हसू थांबलं. "ताई, तुमी केली नाही ना पन."

पाठोपाठ हमीदचाचा फोनवर आले. ते रडत होते.

"बेटी, म्या आमच्या लाइनीचं म्हनलं होतं. पान्याच्या लाइनीचं. पाइप जोडला, गाळ काढला, लाइन क्लिअर झाली. चार्ज करा म्हंजे पंपानं पाइप भराले घ्या. तुमच्या तारांचं काम झालंच असंन, असं म्या समजलो. आमी असंच म्हनतो बेटी, आमच्यात असंच म्हनते. तुमचं चार्ज वेगळं, हे मले काय मालूम?"

त्यांच्या लाइनमध्ये पाणी भरायचं त्याला चार्ज म्हणायचं आणि आमच्या लाइनमध्ये वीज सोडायची त्यालाही चार्जच म्हणायचं. शब्द एकच. आणि मी, जिला वाटत होतं की आपण फार शहाणपणानं अडून बसलोय, मीही तोवर हेच समजत होते की ते विजेचंच बोलतायत.

मी यार्डात जाऊन कुलूप काढलं. किल्ली भोकात जाईना. शेवटी बोंद्रे साहेबांनी माझा हात धरून ती आत घातली. लाइन चार्ज झाली. ते पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दवाखान्यात पाणी पोचलं, डॉक्टर राठींनी मशीन लावलं. मी पोचले तेव्हा ते चालू होतं. बाबांचं रक्त नळीतून बाहेर जात होतं, दुसऱ्या नळीतून परत येत होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, ओळखलं असं मला वाटतं. डायलिसिस पूर्ण व्हायच्या आधीच त्यांचं हृदय थांबलं.

"थोडं आधी लावलं असतं तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "खरंच सांगता येत नाही हो." अजूनही मला कुणी याहून जास्त सांगू शकलेलं नाही.

आई माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, अंथरूण घालायची, पण बोलायची नाही. तेरवी झाली तरी नाही.

पुढे आयोगाची जनसुनावणी लागली. वीज आणि पाणी एवढा काळ का बंद राहिलं, आणि बदलायला मिळालेल्या पैशांत उभे केलेले खांब एका वादळात का पडले, याची. कंपनीनं आपल्या म्हणण्यात शेवटच्या उशिराचं कारण दिलं होतं, 'ऑपरेटरची दिरंगाई'. नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. कुणीही उभं राहून बोलू शकत होतं. आई उभी राहिली. ती येणार हेही तिनं मला सांगितलं नव्हतं.

"बोला बाई," आयोगाचे सदस्य म्हणाले. "तुमची काय तक्रार आहे?"

"मोतीराम कोनता?" आईनं विचारलं.

सभागृहात कुजबूज झाली. मागच्या भिंतीशी उभा असलेला मोतीराम पुढे आला. काळा, किरकोळ, कान मोठे. कुणीही दहा वेळा बघून विसरावा असा माणूस. त्यानं हात जोडले. आई त्याच्याकडे बघत राहिली. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, जावई बघावा तसा. जोडलेले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, तो पायांकडे बघू लागला.

"लेकरं हायेत?"

"एक पोरगी हाय जी."

"बस," आई त्याला म्हणाली. मग सदस्यांकडे वळून, "माही काही तक्रार नाही." आणि खाली बसली.

दिरंगाईचा शेरा पुढे काढून टाकला गेला. वीज आणि पाण्याच्या माणसांनी एकत्र बसून शिकावं, असंही आयोगानं सांगितलं. आता ते वर्ग मीच घेते, पहिल्या तासाला हमीदचाचांचा फोन सांगते आणि पोरं हसतात. हसू देते.

पण त्या दिवशी सभागृहातून निघाल्यावर आम्ही दोघी बसस्टँडपर्यंत चालत गेलो. घरापर्यंत रिक्षा होत्या, तरी ती चालत निघाली आणि मी तिच्या मागे. लिंबाखालच्या ओट्यावर ती टेकली. मी उभीच राहिले.

"ज्योती," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं. "तू बरोबर केलं."

मी तिच्याजवळ बसायला गेले. तिनं हात आडवा धरला.

"थांब. बरोबर केलं तू. पन मले तुहा राग येते. थो मोतीराम पाह्यला, बरा मानूस हाय, त्याची पोरगी हाय, सारं समजते मले. तरी येते. मी काय करू?"

"येऊ दे, आई," मी म्हणाले.

"गेला म्हंजे सांगीन तुले."

मग तिनं हात खाली घेतला आणि मी तिच्या शेजारी बसले. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. ती माझ्याशी बोलायची, भांडायची, माझ्या केसांना तेल लावायची. शेवटच्या आजारात माझ्या हातचंच पाणी प्यायची, दुसऱ्या कुणी दिलेलं घ्यायची नाही. राग गेला, असं तिनं मला कधी सांगितलं नाही.